देवाला वाहिलेले मातीचे वीर

प्राचीन ग्रीसमधले देवस्थान लहान असो की मोठे, तिथे उत्खनन सुरू झाले की भाजलेल्या मातीच्या वस्तू हाती लागतातच. बहुतेक मूर्ती मुठीत मावतील एवढ्या, काही वीतभर उंच, क्वचित एखादी माणसाएवढी. त्यांच्या जोडीला रंगाने चितारलेल्या किंवा साच्यातून उठाव दिलेल्या मातीच्या पाट्या. या साऱ्या वस्तू भक्तांनी देवाला वाहिलेल्या आहेत. त्यांत स्त्रीमूर्ती पुष्कळ आहेत. पण पुरुषांचेही एक वेगळे जग या मातीत उभे राहिलेले दिसते: ढाल पेललेला पायदळातला सैनिक, घोड्याच्या मानेला बिलगलेला स्वार, चार घोड्यांच्या रथावरचा सारथी आणि फार थोड्या ठिकाणी उघड्या अंगाचा खेळाडू. इ.स.पू. आठव्या शतकापासून ग्रीक शहरे रोमच्या अमलाखाली जाईपर्यंत, म्हणजे सहा-सातशे वर्षे, अशा वस्तू घडत आणि वाहिल्या जात होत्या.

अशा अर्पणाला ग्रीक भाषेत ‘आनाथेमा’ म्हणत. देवापुढे ‘उभे करून ठेवलेले’ असा त्याचा सरळ अर्थ. नवस बोलणे आणि नवस फेडणे यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ग्रीक भक्तही मागणे मागताना काही वाही आणि मागणे पुरे झाले की पुन्हा काही वाही. युद्धातून माणूस जिवंत परतला, मुलगा वयात येऊन त्याच्या हाती शस्त्र आले, पीक चांगले आले, शर्यत जिंकली, असे कोणतेही निमित्त चाले. कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्याची रीतही होती. श्रीमंतांचे दान ब्राँझचे किंवा संगमरवराचे असे आणि त्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असे. मातीच्या लहान मूर्तीवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. ती कोणी वाहिली आणि कशासाठी, हे मूर्तीच्या रूपावरून आणि ती सापडली त्या जागेवरून ताडावे लागते.

ही माती आजवर टिकली यामागे दोन कारणे आहेत. पहिले धार्मिक. एकदा वाहिलेली वस्तू देवाच्या मालकीची होई, त्यामुळे ती देवळाच्या आवाराबाहेर टाकता येत नसे. देऊळ भरून गेले की पुजारी जुनी अर्पणे गोळा करून आवारातच खड्डा खणून पुरत. असा खड्डा म्हणजे ‘बोथ्रोस’. आजच्या संग्रहालयांतल्या बहुतेक मृण्मूर्ती अशाच खड्ड्यांतून वर आल्या आहेत. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येते, संगमरवर भाजून चुना करता येतो, पण भाजलेल्या मातीचे दुसरे काही होत नाही. ऑलिंपियाच्या आवारातल्या खेळाडूंच्या पुतळ्यांचे वर्णन इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस या प्रवाशाने केले आहे, आणि त्याने नोंदवलेल्या पुतळ्यांची संख्या सुमारे २०० भरते. त्यांतले जवळजवळ सगळे नाहीसे झाले. ज्या मातीकडे लुटारूंनी ढुंकूनही पाहिले नाही, ती मात्र हजारोंनी शिल्लक आहे.

तिच्याकडे त्या काळच्या जाणत्यांनीही फारसे पाहिले नाही. मातीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिराला ‘कोरोप्लाथोस’, म्हणजे बाहुल्या घडवणारा, म्हणत. इसोक्रातीस या अथेन्सच्या वक्त्याने इ.स.पू. ३५४ च्या सुमारास लिहिलेल्या भाषणात आपल्याला कमी लेखणाऱ्यांना उत्तर देताना हाच दाखला घेतला. अथेनाचा महापुतळा घडवणाऱ्या फिडियासला बाहुल्या करणारा म्हणावे, किंवा झ्यूक्सिस आणि पार्हासिओस या चित्रकारांना नवसाच्या पाट्या रंगवणाऱ्यांच्या पंगतीला बसवावे, तसे हे झाले, असा त्याचा आशय. मातीची मूर्ती आणि रंगवलेली पाटी या दोन्ही कला किती खालच्या पायरीवर धरल्या जात, ते या एका वाक्यातून कळते. पण सामान्य ग्रीक माणूस आपल्या देवापुढे स्वतःला कोणत्या रूपात उभा करत होता, हे पाहायचे तर फिडियासच्या कलाकृतींपेक्षा या बाहुल्याच जास्त कामी येतात.

कारागिरी पाहिली तर सुरुवातीच्या मूर्ती निव्वळ हाताने केलेल्या असत. मातीचे वळकुट घेऊन त्याला हात, पाय, मान काढायची. नाक चिमटीने वर ओढायचे. डोळ्यांच्या जागी मातीच्या टिकल्या लावायच्या. मोठी मूर्ती असेल तर तिचे धड चाकावर मडक्यासारखे पोकळ उठवून त्यावर डोके आणि हात जोडत. इ.स.पू. सातव्या शतकात पूर्वेकडून साच्याचे तंत्र आले आणि सगळा धंदा बदलला. आधी एक मूळ मूर्ती बारकाईने घडवायची, तिच्यावर माती दाबून साचा काढायचा, साचा भाजायचा आणि मग त्यातून शेकडो मूर्ती काढायच्या. पुढे पुढील बाजूचा एक आणि पाठीचा एक अशा दोन साच्यांतून पोकळ मूर्ती होऊ लागली. भाजताना आतली हवा आणि वाफ बाहेर पडावी म्हणून पाठीला भोक ठेवत. माती वाळताना आणि भाजताना आकसते. त्यामुळे तयार मूर्तीवरून पुन्हा साचा काढला, तर त्यातून निघणारी मूर्ती मूळ मूर्तीहून लहान आणि नाकीडोळी पुसट होते. एकाच मूळ मूर्तीच्या अशा उतरत्या पिढ्या मोजपट्टी लावून ओळखता येतात, आणि कोणत्या गावचा साचा कोणत्या गावी पोचला याचा मागही त्यावरून काढता येतो.

या तंत्राचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत आला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ती सापडल्या आहेत. त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत, आणि हे तंत्र रोमशी चाललेल्या व्यापारातून इकडे आले असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

भाजण्याआधी ग्रीक मूर्तीला पांढऱ्या मातीचा पातळ लेप देत. मूर्ती आव्यातून निघाली की त्यावर रंग चढे: गेरूचा तांबडा, काजळीचा काळा, पिवळी माती आणि तांब्यापासून बनवलेला निळा. रंग भाजल्यानंतर दिलेले असल्यामुळे जमिनीतल्या ओलीत ते सुटून गेले. आज काचेच्या कपाटात दिसणारा तांबूस, उघडा योद्धा मुळात तसा नव्हता. त्याची ढाल रंगीत होती, शिरस्त्राणाचा तुरा तांबडा किंवा निळा होता आणि डोळ्यांत काळी बुबुळे होती.

योद्ध्याच्या जगातली सर्वांत जुनी आणि भारदस्त अर्पणे दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीजमधल्या टिरिन्सच्या गडावर सापडली. त्या मातीच्या ढाली आहेत. इ.स.पू. ७०० च्या आसपासच्या या गोल ढालींचा व्यास साधारण ४० सेंटीमीटर आहे. लढाईत त्यांचा उपयोग शून्य. त्या देवतेसाठीच केलेल्या आहेत, आणि ती देवता बहुधा हेरा असावी. त्यांतली एक ढाल नाफ्प्लिओच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर लढाईचे दृश्य रंगवले आहे. मधल्या योद्ध्याने एका हाताने समोरच्याच्या शिरस्त्राणाचा तुरा धरला आहे आणि दुसऱ्या हातातली तलवार रोखली आहे. समोरची व्यक्ती स्त्री आहे हे चित्रकाराने तिच्या वक्षावरून दाखवले आहे. त्यामुळे ग्रीक वीर अकिलीस आणि ॲमेझॉन स्त्रियांची राणी पेंथेसिलिया यांचा हा सामना असावा, असे मानतात. देहांची ठेवण अगदी प्राथमिक आहे: अंगे काडीसारखी, डोळे मोठाले, सगळ्यांचे चेहरे एका बाजूने काढलेले. पण तुरा पकडलेल्या त्या मुठीत जोर आहे. खऱ्या ढालीच्या जागी मातीची ढाल वाहणारा माणूस आपल्या शौर्याला थेट अकिलीसच्या पंगतीला नेऊन बसवत होता.

इ.स.पू. सहाव्या शतकात मध्य ग्रीसच्या बिओशिया प्रांतात मातीचे घोडेस्वार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. घोड्याचे चारी पाय सुळक्यासारखे, मान लांब आणि वर ताठ, अंगावर तपकिरी पट्टे. स्वार म्हणजे घोड्याच्या पाठीवर चिकटवलेली मातीची एक कांडी, तिला चिमटीने काढलेले तोंड आणि घोड्याच्या मानेवर टेकलेले दोन हात. खेळण्यासारखी दिसणारी ही वस्तू देवळांतही मिळते आणि त्याहून जास्त थडग्यांत मिळते. घोडा बाळगणे ही त्या समाजात श्रीमंतीची खूण होती, आणि बिओशियाचे घोडदळ नावाजलेले होते. ज्याच्या दाराशी घोडा बांधलेला नव्हता, त्यालाही मातीचा घोडा परवडत असे.

मातीच्या पाट्यांचा सर्वांत मोठा साठा कॉरिंथजवळच्या पेंतेस्कूफिया या ठिकाणी १८७९ मध्ये हाती लागला. तुकडे हजाराहून जास्त. त्यांतले बहुतेक बर्लिनला गेले, काही पॅरिसच्या लूव्रमध्ये पोचले. या पाट्या बहुतांशी इ.स.पू. सहाव्या शतकातल्या आहेत आणि समुद्रदेव पोसायडनला वाहिलेल्या आहेत. कडेला भोक पाडून त्या दोरीने झाडाला किंवा खांबाला टांगत. काही पाट्या दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या आहेत, म्हणजे वाऱ्यावर फिरली तरी चित्र दिसावे. पोसायडन स्वतः त्रिशूळ घेऊन उभा आहे. रथ आहेत, स्वार आहेत, शस्त्रधारी आहेत. पण या साठ्याचे खरे मोल दुसऱ्याच चित्रांत आहे. वाहणारे बरेचसे कुंभार होते आणि त्यांनी आपलेच काम चितारले: कुदळीने माती खणणारे, चाकापुढे बसलेले, भट्टीवर चढून आकडीने आच सारखी करणारे. एकाच देवापुढे, सारख्याच मातीच्या पाट्यांवर, योद्धा आणि कुंभार शेजारी शेजारी टांगलेले होते. बाहुल्या घडवणाऱ्याला हिणवणारे अथेन्सचे भाषण पुढे दीड-दोनशे वर्षांनी आले. या कुंभारांना आपला धंदा देवापुढे मांडायला कसलाही संकोच नव्हता. एका पाटीवर तिमोनिदास या चित्रकाराने सही केली आहे, आणि बापाचे नावही घातले आहे.

अथेन्सच्या आक्रोपोलिस गडावर सापडलेली एक पाटी या साऱ्या प्रकारात सर्वांत श्रेष्ठ म्हणावी लागेल. ती इ.स.पू. ५१० ते ५०० च्या दरम्यानची, सुमारे दोन फूट उंच, आणि आज आक्रोपोलिस संग्रहालयात आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक योद्धा धावतो आहे. हातात मोठी गोल ढाल आहे आणि ढालीवर सॅटिर या अर्धपशू वनचराचे चित्र आहे. मांड्या, पोटऱ्या, पावलांची उचल यांच्या रेषा इतक्या नेमक्या आणि सहज आहेत, की हे काम युथिमिदीस या त्या काळच्या पहिल्या फळीतल्या कलशचित्रकाराचे मानले जाते. म्हणजे नवसाच्या पाट्या रंगवणारे सगळेच खालच्या पायरीचे नव्हते.

या पाटीवरच्या अक्षरांना स्वतःची कथा आहे. आधी तिथे ‘मेगाक्लीस कालोस’, म्हणजे ‘मेगाक्लीस देखणा आहे’, असे लिहिलेले होते. तरुणांच्या रूपाची अशी वाखाणणी त्या काळच्या अथेन्समध्ये मडक्यांवरही सर्रास लिहीत. पुढे कोणीतरी मेगाक्लीसचे नाव खोडले आणि त्या जागी ‘ग्लाउकीतीस’ असे दुसरे नाव घातले. मेगाक्लीस हे अल्कमेओनिदी या अथेन्सच्या बड्या घराण्यातले नाव. त्या घराण्यातल्या एका मेगाक्लीसला इ.स.पू. ४८६ मध्ये अथेन्सच्या नागरिकांनी मतदान करून दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवले. पाटीवरचा मेगाक्लीस तोच असावा, आणि लोकांच्या मनातून उतरलेल्या माणसाचे नाव देवापुढच्या वस्तूवर राहू नये म्हणून ते खोडले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. हे मतदान फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर नाव ओरखडून होत असे. अथेन्सच्या केरामेइकोस, म्हणजे कुंभारवाड्याच्या भागात मेगाक्लीसचे नाव असलेल्या हजारो खापऱ्या मिळाल्या आहेत. एकाच माणसाच्या नावाची कीर्ती मातीवर लिहिली गेली आणि त्याच्या हद्दपारीचा कौलही मातीवरच नोंदला गेला. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने आक्रोपोलिस जाळला. परतलेल्या अथेन्सवासीयांनी मोडलेले पुतळे आणि अर्पणे गडावरच भरावात पुरली, आणि १८८५ नंतरच्या मोठ्या उत्खननात ती बाहेर आली.

लढवय्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पार्टात मातीच्या योद्ध्यांची रेलचेल असेल असे कोणालाही वाटेल. तिथले चित्र जरा निराळे आहे. आर्टेमिस ऑर्थियाच्या देवस्थानात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९०६ ते १९१० या काळात उत्खनन केले, तेव्हा तिथे शिशाच्या एक लाखाहून जास्त चपट्या आकृत्या निघाल्या. ढाल घेतलेले इवलेसे सैनिक त्यांत भरपूर आहेत. शिसे स्वस्त होते आणि साच्यात ओतले की क्षणात आकृती तयार होई. मातीतून मात्र तिथे मुखवटे घडवले गेले: सुरकुतलेल्या म्हाताऱ्या, अक्राळविक्राळ तोंडे आणि त्यांच्या बरोबरीने दाढीवाला योद्धा आणि कोवळा तरुण. यांतले पुष्कळसे मुखवटे चेहऱ्यावर बसणारच नाहीत एवढे लहान आहेत. विधीत घालायचे मुखवटे लाकडाचे किंवा कापडाचे असावेत आणि त्यांच्या मातीच्या प्रती देवीला वाहिल्या जात असाव्यात. स्पार्टाच्या मुलांचे कडक शिक्षण आणि त्यांना मारले जाणारे फटके याच देवीच्या वेदीशी जोडलेले होते. त्यामुळे ओबडधोबड म्हातारपण आणि देखणे तारुण्य समोरासमोर ठेवणारे हे मुखवटे मुलाचा योद्धा होण्याच्या विधींशी संबंधित असावेत, हे मत पटण्याजोगे आहे. स्पार्टाजवळ अमिक्लायला १९५६ मध्ये आणखी एक प्रचंड साठा सापडला. दहा हजारांहून जास्त अर्पणे, त्यांत साच्यातून काढलेल्या पाट्यांची मोठी संख्या. ही जागा अलेक्झांड्रा, म्हणजेच ट्रॉयची राजकन्या कसांड्रा, आणि अगामेम्नॉन यांच्या पूजेची. पाट्यांवर हातात पेला घेऊन बसलेला वीर आणि त्याच्यापुढे वर सरकणारा नाग दिसतो. अधूनमधून घोडेस्वार आणि योद्धेही येतात. इथे ट्रॉयच्या युद्धाचा सेनापतीच पूजेचा धनी झाला आहे.

मातीचे योद्धे एकत्र, आपापल्या जागी उभे असलेले पाहायला मिळाले ते मात्र ग्रीसच्या मुख्य भूमीवर नव्हे, तर सायप्रसमध्ये. सायप्रस ही ग्रीक, फिनिशियन आणि स्थानिक अशा तीन लोकांची सरमिसळ असलेली भूमी. तिथली मूर्तिकलाही तशीच मिश्र. बेटाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या आयिया इरिनी गावच्या धर्मगुरूने १९२९ मध्ये निकोसियाच्या संग्रहालयात एक मातीची मूर्ती आणून दाखवली. ती त्याच्या शेतात मिळाली होती. त्या काळी सायप्रसमध्ये एनार येर्स्ताद यांच्या नेतृत्वाखाली स्वीडिश उत्खननमोहीम काम करत होती. तिने ते शेत खणायला घेतले आणि सुमारे २००० मृण्मूर्ती उघड्या झाल्या.

त्या पुरलेल्या नव्हत्या. वेदीभोवती अर्धवर्तुळात त्या ओळीने उभ्या होत्या, लहान पुढे, मोठ्या मागे. पुराबरोबर आलेल्या वाळूने आणि गाळाने देवस्थान झाकले गेले होते, आणि भक्तांनी जिथे ठेवल्या तिथेच त्या अडीच हजार वर्षे राहिल्या होत्या. पुरातत्त्वात असे दृश्य फार क्वचित वाट्याला येते. मूर्ती इ.स.पू. ६५० ते ५०० या काळातल्या. काही बोटभर उंच, काही पूर्ण माणसाएवढ्या. जवळजवळ सगळे पुरुष. स्त्रीमूर्ती मोजून दोन-चारही नाहीत. टोकदार शिरस्त्राण घातलेले दाढीवाले पुरुष, शस्त्रधारी, चार घोड्यांचे रथ आणि त्यांत उभे असलेले सारथी व योद्धे, बैल, आणि कमरेखाली पशू असलेले चमत्कारिक प्राणी. लहान मूर्तींचे धड म्हणजे मातीची नळी. चेहरा मात्र मन लावून केलेला: लांब नाक, मोठे कान, पुढे आलेली हनुवटी. मोठ्या मूर्तींची धडे पोकळ आणि डोकी वेगळी घडवून बसवलेली. यातला कोणी एक देव आहे का, याचे उत्तर मूर्ती देत नाहीत. पूजेची वस्तू म्हणून तिथे एक गुळगुळीत गोल दगड होता. त्याच्याभोवती उभी असलेली ही माणसे म्हणजे भक्त स्वतःच, असे मानणे सर्वांत सरळ. काही मूर्ती आज निकोसियात आहेत आणि मोठा भाग स्टॉकहोमच्या भूमध्य संग्रहालयात आहे. तिथे त्या पुन्हा तशाच दाटीने, ओळीने मांडून ठेवल्या आहेत.

खेळाडूंकडे वळले की एक गोष्ट खटकते. ग्रीकांचे खेळांवरचे प्रेम जगप्रसिद्ध आहे, तरीही देवळातल्या मातीच्या मूर्तींत खेळाडू फार थोडे. यामागचे एक कारण असे, की खेळाडूला आपली मूर्ती करून वाहण्याची फारशी गरज नव्हती. त्याच्याजवळ देण्यासारखी त्याहून खरी वस्तू होती, ती म्हणजे ज्या साधनाने जिंकला ते साधन. एल्युसिसला एपाइनेतोस नावाच्या खेळाडूने उडी मारताना हातात धरायचे शिशाचे वजन वाहिले, आणि यामुळेच आपण उडीत जिंकलो असे त्यावर कोरले. केफालोनिया बेटावरून मिळालेली ब्राँझची थाळी एक्सोइदास या थाळीफेकपटूने देवांचा राजा झ्यूस याच्या जुळ्या मुलांना वाहिलेली आहे. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑलिंपियात जिंकणाऱ्याला आपला पुतळा उभारण्याचा मान मिळे, आणि तो पुतळा ब्राँझचा असे. योद्ध्यांनीही जिंकलेली शस्त्रे वाहिलीच. पण खरी ढाल म्हणजे मोठा खर्च. सामान्य सैनिकाने तीच हौस मातीत भागवली.

मातीत खेळ दिसतो तो सर्वांत जास्त रथ आणि घोड्यांच्या रूपात, आणि तिथेही सावध राहावे लागते. ऑलिंपियाच्या आवारात फार जुन्या काळातल्या मातीच्या सारथ्यांच्या आणि घोड्यांच्या मूर्ती निघाल्या आहेत. परंपरेनुसार तिथली पहिली चार घोड्यांची रथशर्यत इ.स.पू. ६८० मध्ये झाली, तर या मूर्तींतल्या कित्येक त्याहून जुन्या आहेत. म्हणजे रथ दिसला की शर्यत, असे समीकरण चालत नाही. घोडे आणि रथ बाळगणाऱ्या मोठ्या माणसाचे ते चिन्ह होते. शर्यत नंतर त्यात मिसळली.

योद्धा आणि खेळाडू यांच्यातली सीमा ग्रीकांनी स्वतःच पुसट केली होती. इ.स.पू. ५२० पासून ऑलिंपियात चिलखती शर्यत सुरू झाली. धावपटू शिरस्त्राण घालून, हातात ढाल घेऊन पळत. या शर्यतीसाठी ब्राँझच्या २५ ढाली झ्यूसच्या देवळात ठेवलेल्या होत्या, असे पॉसेनियसने नोंदवले आहे. अथेन्सच्या पानाथेनिया उत्सवात शस्त्रसज्ज माणूस धावत्या रथातून खाली उडी मारी आणि धावू लागे. आक्रोपोलिसच्या पाटीवरचा धावणारा वीर पाहताना ही पार्श्वभूमी मनात ठेवायला हवी. तो सैनिक आहे, पण त्याची पावले शर्यतीत मुरलेल्या माणसाची आहेत.

याच पानाथेनिया उत्सवात खेळाडूंच्या नावावर मातीची एक फार प्रसिद्ध वस्तू जमा होई: बक्षिसाच्या तेलाचा कुंभ. इ.स.पू. ५६६ मध्ये या उत्सवाची मोठी मांडणी झाली, आणि त्यानंतर काही शतके विजेत्यांना अथेनाच्या पवित्र ऑलिव्ह झाडांचे तेल अशा कुंभांत भरून मिळत राहिले. प्रत्येक कुंभात ३५ ते ४० लिटर तेल मावे. एका बाजूला शस्त्रसज्ज अथेना भाला उगारून उभी, दुसऱ्या बाजूला ज्या खेळाचे बक्षीस तो खेळ: धावणारे, मुष्टियोद्धे, थाळी फेकणारे, रथ. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखानुसार मुलांच्या धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्याला ५० कुंभ मिळत, आणि रथशर्यतीत १४०. एवढे तेल एका घराला पुरून उरणारे. ते विकले जाई आणि कुंभही दूरदूर जात. काही विजेत्यांनी हे कुंभ पुन्हा अथेनालाच वाहिले; आक्रोपोलिसवर त्यांचे तुकडे मिळाले आहेत. देवीने दिलेले बक्षीस देवीच्या पायाशी परत, हा व्यवहार त्या भक्ताला फार गोड वाटला असेल. काहींनी ते मरेपर्यंत जपले. दक्षिण इटलीतल्या तारांतो शहरात १९५९ मध्ये एका खेळाडूची दगडी शवपेटी सापडली. तिच्याजवळ असेच कुंभ ठेवलेले होते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या आरंभीचा हा माणूस समुद्र ओलांडून अथेन्सला गेला, जिंकला, आणि जिंकलेली माती घेऊन घरी परतला.

हे तारांतो, म्हणजे जुने तारास, स्पार्टातून निघालेल्या लोकांनी इ.स.पू. ७०६ मध्ये वसवलेले शहर असे परंपरा सांगते. तिथली मातीची अर्पणे संख्येने थक्क करणारी आहेत. एकाच ठिकाणी हजारो. बहुतेकांत पुरुष पलंगावर कोपर टेकून मेजवानीला पहुडलेला आहे. पण इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतल्या पाट्यांवर दोन तरुण पुन्हा पुन्हा येतात: शेजारी उभे, जवळ घोडे, कधी रथात, बाजूला दोन उंच कुंभ. हे डिओस्कुरी, म्हणजे कास्तोर आणि पोलिदेव्कीस, झ्यूसची तीच जुळी मुले. एक घोडे वश करणारा, दुसरा मुष्टियोद्धा. स्पार्टाचे हे लाडके देव वसाहतीबरोबर इटलीला आले. योद्धा, स्वार आणि खेळाडू हे तिघे मातीत एकत्र कुठे भेटत असतील तर ते या जोडीत.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून देवळात वाहिल्या जाणाऱ्या मातीचा रोख बदलला. वैद्यदेव अस्क्लेपियसची भक्ती पसरली. कॉरिंथच्या त्याच्या देवस्थानात माणसाच्या प्रत्यक्ष मापाचे मातीचे हात, पाय, कान, डोळे शंभराहून जास्त संख्येने मिळाले आहेत. ज्या अवयवाला पीडा होती आणि जो बरा झाला, तो अवयव मातीत करून भिंतीला टांगायचा. ढाल पेलणाऱ्या पूर्ण देहाच्या जागी आता कोपरापासून तुटलेला एकटा हात आला. शहरांच्या लढायांतही भाडोत्री सैनिक वाढत चालले होते, आणि नागरिकाने स्वतःची ढाल घेऊन उभे राहण्याचे दिवस ओसरत होते.

खेळाडूंचे देह मातीत मन लावून घडले ते त्याही नंतर, आणि बहुतेक देवळाबाहेर. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास कारागिरांनी प्रसिद्ध ब्राँझ पुतळ्यांच्या छोट्या प्रती केल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अशी एक मूर्ती आहे, उंची २९ सेंटीमीटर. मूर्तिकार पोलिक्लीतोसने इ.स.पू. ४३० च्या सुमारास केलेल्या ‘दियादूमेनोस’ची, म्हणजे विजयाची फीत डोक्याला बांधणाऱ्या तरुणाची, ती प्रत आहे. मूळ ब्राँझ पुतळा केव्हाच नाहीसा झाला. छातीचे स्नायू, एका पायावर टाकलेला भार, किंचित कललेली मान हे सगळे मातीत मऊपणे उतरले आहे. अशा मूर्ती घरातल्या कोनाड्यात ठेवायला घेत असत. स्मर्नाच्या कारागिरांनी त्यांतल्या कित्येकांवर सोन्याचा वर्ख चढवला, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला त्या धातूच्या वाटाव्यात.